कवितेचा संदेश मागू नका, पोरांचं म्हणणं मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा असतो आणि त्या दिवशी दरवर्षी आपल्या पेपरात भरारी पथकं, कॉपीमुक्त अभियान, खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे लोक असल्या बातम्या असतात. त्या छापायलाच पाहिजेत. पण त्याच इंग्रजीच्या पेपरात एक कॉपी अशी चालते की जी कुठल्याच पथकाला सापडत नाही कारण ती चिठ्ठीत नसतेच, ती तोंडपाठ असते, आणि ती करायला आम्ही शिक्षक, क्लासवाले, गाइडवाले, आईवडील सगळे मिळून पोरांना शिकवतो. मी कवितेच्या अ‍ॅप्रिसिएशनबद्दल बोलतेय, म्हणजे मराठीच्या पेपरात ज्याला रसग्रहण म्हणतात ते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. ज्यांना पेपरचं स्वरूप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बारावी इंग्रजीचं पाठ्यपुस्तक म्हणजे युवकभारती, त्याचा लेखी पेपर ८० मार्कांचा आणि तोंडी परीक्षा २० ची. ८० पैकी कवितेला १४, त्यातले ४ अ‍ॅप्रिसिएशनला. कृतिपत्रिकेत म्हणजे प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकातल्याच एखाद्या कवितेच्या ओळी देतात आणि खाली मुद्दे असतात, की कविता, कवी आणि शीर्षकाबद्दल लिहा, विषय लिहा, शैली आणि अलंकार लिहा, प्रेरणादायी संदेश, मूल्यं, नीती काय ते लिहा, आणि शेवटी तुमचं स्वतःचं मत लिहा. वाचून कुणालाही वाटेल की छान आहे की, पोरांचं मत पण विचारलंय. प्रत्यक्षात काय होतं तर मत सुद्धा पाठ केलेलं असतं. पुस्तकातल्या सगळ्या कवितांची तयार अ‍ॅप्रिसिएशन्स गाइडात असतात, पोरं ती घोकतात आणि पेपर तपासायला बसलं की गठ्ठ्यातल्या एकामागून एक उत्तरपत्रिकेत तीच वाक्यं येत राहतात. 'द पोएट हॅज ब्युटिफुली पोर्ट्रेड', 'द लँग्वेज इज सिंपल अँड लुसिड', 'द पोएम टचेस द कोअर ऑफ माय हार्ट'. कविता कुठलीही असो, हृदयाचा गाभा हललेला असतोच. ज्या पोराला 'लुसिड' म्हणजे काय ते विचारलं तर सांगता येत नाही त्यानं तो शब्द स्पेलिंगसकट बरोबर लिहिलेला असतो, आणि लगेच पुढच्या प्रश्नात स्वतःच्या मनानं दोन ओळी लिहायची वेळ आली की 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' आणि 'माय फादर ही इज अ फार्मर' सुरू होतं. म्हणजे बघा, बारा वर्षं इंग्रजी शिकून पोराला दुसऱ्याचं इंग्रजी लिहिता येतं, स्वतःचं येत नाही.

आता एक कविता घेऊनच बोलते नाहीतर नुसती तक्रार होईल. आमच्या बारावीच्या पुस्तकात दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' आहे. चित्रे मराठीतले आणि इंग्रजीतले पण मोठे कवी, १९३८ ला बडोद्यात जन्म, नंतर कुटुंब मुंबईला आलं, तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले आणि १९९४ ला साहित्य अकादमीनं त्यांना मराठी कवितेसाठी आणि त्या अनुवादासाठी असे दोन्ही पुरस्कार दिले. कविता अशी की एक म्हातारा होत चाललेला बाप रात्रीच्या लोकलनं घरी येतोय, पावसाळा आहे, कपडे ओले, रेनकोटला चिखल, पुस्तकांनी फुगलेली पिशवी फाटायला आलेली. स्टेशनवर तो उतरतो तेव्हा कवी म्हणतो की लांबलचक वाक्यातनं एखादा शब्द गळून पडावा तसा तो उतरला. घरी येऊन पाणचट चहा, शिळी चपाती, हातात पुस्तक. पोरं त्याच्याशी बोलत नाहीत. मग रेडिओची खरखर ऐकत तो झोपतो आणि त्याला पूर्वज आणि नातवंडं दिसतात आणि अरुंद खिंडीतनं या उपखंडात शिरणाऱ्या भटक्या टोळ्या.

गाइडमध्ये या कवितेखाली काय असतं तर अलंकार सिमिली म्हणजे उपमा, कारण 'लाइक' आलंय. विषय म्हातारपणातला एकटेपणा. संदेश काय तर आपण वडीलधाऱ्यांचा आदर केला पाहिजे. संपलं, चार मार्क.

पण वर्गात ही कविता नुसती मोठ्यानं दोनदा वाचली आणि पोरांना मराठीतच विचारलं की काय दिसलं तुम्हाला, तर काय काय बाहेर येतं ते मला लोकांना सांगायचंय. त्या गळालेल्या शब्दावरनं वर्गात खरंखुरं भांडण लागतं. एक म्हणतो, शब्द गळला तरी गाडी पुढं जातेच ना, वाक्य चालूच राहिलं, म्हणजे त्या माणसावाचून कुणाचं काही अडत नाही असं कवीला म्हणायचंय. दुसरी म्हणते, असं कसं, वाक्यातला शब्द गळला तर वाक्याचा अर्थच बिघडतो, आणि एकटा पडलेला शब्द पण बिनअर्थाचा होतो, म्हणजे नुकसान दोघांचं आहे, फक्त गाडीला ते कळत नाही. आता सांगा यातलं चूक कोणतं? माझ्या मते दोन्ही ओळीतच आहे. आणि हे भांडण करताना त्या दोघांनी ती ओळ किती वेळा परत वाचली असेल, घोकंपट्टी करणाऱ्यानं ती एकदा सुद्धा नीट वाचलेली नसते. बिचाऱ्यांनी मुंबईची लोकल पाहिलेली पण नाही, त्यांचा सगळा प्रवास एसटीचा, पण त्यानं काही अडलं नाही.

एका मुलीनं विचारलं की मॅडम यात आई कुठंय? मी परत कविता बघितली, खरंच आई नाही. चहा कुणी केला, चपाती शिळी का, काहीच सांगितलेलं नाही. आई वारली का, कामाला गेली का, की कवीनं मुद्दाम नाही आणली म्हणजे बाप आणखी एकटा दिसेल, याचं पक्कं उत्तर कवितेत नाही पण प्रश्न कवितेतलाच आहे आणि असा प्रश्न मला तरी कुठल्या गाइडात सापडलेला नाही. दुसऱ्या एकानं पकडलं की बाप स्वप्न पाहतो ते पूर्वजांचं आणि नातवंडांचं, म्हणजे मागची पिढी आहे, पुढची आहे, मधली गायब. मधली कोण तर त्याची स्वतःची पोरं, जी त्याच्याशी बोलत नाहीत. आणि त्यातलाच एक जण ही कविता सांगतोय! सुरुवातीला तो 'माझे वडील' म्हणतो आणि शेवटी मात्र 'त्याची घुमी पोरं' असं परक्यासारखं म्हणतो, स्वतःला त्यातनं बाजूला काढून घेतो. हे एवढं सर्वनामांवरनं कळतं. व्याकरणात आम्ही सर्वनाम शिकवतो आणि कवितेत अलंकार शिकवतो आणि दोन्हीची कधी गाठच पडू देत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तो बाप संडासात जाऊन माणसाला माणसानंच बनवलेल्या जगापासून तुटल्यासारखं का वाटतं याचा विचार करतो अशी पण एक ओळ आहे. त्या ओळीला वर्ग हसतो. तयार उत्तरात ती ओळ सहसा नसतेच. पण हसू ओसरल्यावर विचारलं की तिथंच का, तर उत्तर लगेच आलं, कारण छोट्या घरात एकट्यानं बसायला दुसरी जागाच नसते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि आमच्या जिल्ह्यात या कवितेला अजून एक गोष्ट लागू पडते ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वर्गातल्या कितीतरी लेकरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या आजूबाजूला कोपी म्हणजे झोपडी करून राहायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत. लेकरं आजी-आजोबांजवळ नाहीतर वसतिगृहात. बारावीचं अख्खं महत्त्वाचं सत्र बाप नजरेआड असतो. कवितेत एक ओळ आहे की आता मला तो गाडीतून उतरताना दिसतोय. कवी तिथं स्टेशनवर उभा नाहीये मग त्याला दिसतं कसं असं विचारलं तर एका पोरानं वहीत लिहिलं की न दिसणारा बाप रोज दिसतो, समोर असला की आपण बघत नाही. इंग्रजी मोडकं होतं, दोन ठिकाणी क्रियापद चुकलेलं होतं. पण कवितेच्या सुरुवातीला बापाचे डोळे उघडे असून काही बघत नाहीत असं आलंय आणि इथं मुलगा दूर असून बघतोय, ही जोडणी त्यानं स्वतः केली होती. या वाक्याला किती मार्क द्यायचे सांगा? ठरलेले मुद्दे धरून तपासलं तर कमी पडतात, कारण त्यात कवीचा जन्म नाही, अलंकाराचं नाव नाही, आणि वडीलधाऱ्यांचा आदर करा हा संदेश पण नाही.

माझं खरं भांडण त्या संदेशाच्या मुद्द्याशीच आहे. काही कवितांना संदेश असतो, नाही असं नाही. याच पुस्तकात रॉबर्ट सदी या इंग्रज कवीची 'इंचकेप रॉक' आहे, त्यात मठाधिपतीनं जहाजांच्या भल्यासाठी खडकावर घंटा बांधलेली असते, राल्फ नावाचा समुद्री चाचा निव्वळ जळफळाटानं ती तोडतो आणि शेवटी धुक्यात त्याचंच जहाज त्याच खडकावर आपटून बुडतं. ती गोष्टच तशी आहे, करावं तसं भरावं, तिथं विचारा की संदेश. पण चित्र्यांच्या कवितेत कुणी कुणाला काही शिकवत नाही. मुलगा बापाची माफी मागत नाही, बाप तक्रार करत नाही. तिथं 'आपण आदर केला पाहिजे' हे वाक्य बाहेरून आणून चिकटवावं लागतं आणि एकदा ते चिकटवलं की पोराचं डोकं बंद होतं, कारण त्याला वाटतं की कविता म्हणजे सुविचार सांगायची लांबची पद्धत. बोर्डावर सुविचार लिहितातच की रोज, मग कवी कशाला पाहिजेत.

हा रोग आपल्याकडचाच आहे असं नाही. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९२० च्या दशकात विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता वाटल्या आणि सांगितलं की वाचा, वेळ घ्या आणि काय वाटतं ते लिहून आणा. मग ती सगळी मतं घेऊन १९२९ ला 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक काढलं. त्यात काय दिसलं तर एवढ्या नामांकित विद्यापीठातली इंग्रजी मातृभाषा असलेली मुलं सुद्धा कितीदा कवितेचा साधा सरळ अर्थच चुकत होती आणि डोक्यात आधीपासून तयार पडलेल्या भावना कवितेवर ओतत होती. आई म्हटलं की माया, पाऊस म्हटलं की आनंद, म्हातारा म्हटलं की कीव. म्हणजे गाइड नसलं तरी माणसाच्या डोक्यात एक गाइड असतंच. म्हणून तर शिक्षकाचं काम हे की पोराला परत परत ओळीकडे ढकलायचं, तुला असं वाटतंय ना, मग कुठल्या शब्दावरनं वाटतंय ते दाखव.

आणि हे आपल्याला नवीन आहे का हो? आपल्याकडं गावोगाव सप्ताह बसतात. कीर्तनकार एक अभंग घेतात आणि दोन तास त्याच्यातच राहतात. एक एक चरण उचलायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि नुसता सांगायचा नाही, तर ज्ञानोबांचं, नाथांचं, तुकोबांचं प्रमाण द्यायचं, आणि प्रमाण चुकलं तर मागं टाळ घेऊन उभा असलेला म्हातारा माळकरी लगेच ओळखतो. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या घरात ओव्या आहेत, हे सगळं अर्थ लावणंच आहे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं सप्ताहात ही गोष्ट कानानं ऐकून आलेली असतात, त्यांना सांगितलं की तुमच्या म्हणण्याला कवितेतलं प्रमाण द्या तर एका क्षणात कळतं. तेच 'सपोर्ट युअर आन्सर विथ टेक्स्चुअल एव्हिडन्स' असं सांगितलं तर चेहरे कोरे.

यावर काही सहकारी म्हणतात की इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, पोरांना सवय कशी लागणार. मला हे पटत नाही. विचार आधी होऊ द्या, कुठल्या का भाषेत होईना, डोक्यात सांगायला काही असेल तर पोरगा इंग्रजी शब्द शोधेल, नसेलच तर कशाला शोधेल. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ मिळाले, खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि नेमाडे, त्यातले विंदा आणि नेमाडे दोघंही इंग्रजीचे प्राध्यापक होते. विंदांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि शेक्सपिअरचा राजा लिअर मराठीत आणला. या माणसांनी दोन भाषांच्या मधली दारं कधी लावून घेतली नाहीत, आणि आपण मात्र तालुक्याच्या गावात बसून तासाला मराठी बोललं म्हणून पोराला उभं करतो.

आता लिहिण्याबद्दल. लोकांचा समज असा की पोरांचं इंग्रजी लेखन सुधारायचं म्हणजे व्याकरण आणखी घ्या, टेन्सचे तक्ते आणखी करून घ्या आणि वहीत लाल पेननं एकूण एक चूक गोल करा. व्याकरण लागतंच, मी ते सोडा म्हणत नाही. पण नुसत्या व्याकरणाच्या तासांनी लेखन सुधारत नाही हे अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेनं १९६३ च्या अहवालातच सांगितलंय. २००७ ला स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून जो रिपोर्ट काढला त्यात तर चौथी ते बारावीच्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त फायदा कशाचा दिसला, तर लिहिण्याआधी आखणी कशी करायची आणि लिहिल्यावर सुधारायचं कसं हे पायरीपायरीनं शिकवण्याचा, वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवण्याचा आणि मुलांनी एकमेकांबरोबर बसून लिहिण्याचा. व्याकरण सुटं सुटं शिकवलं तर फायदा दिसला नाही, उलटाच आकडा आला. आता ते अभ्यास अमेरिकेतल्या मुलांवरचे, आपली पोरं इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा म्हणून शिकतात, हा फरक आहे. पण परक्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या चुका दुरुस्त कराव्यात का यावर सुद्धा मोठा वाद झालाय, १९९६ ला जॉन ट्रस्कॉट यांनी सरळ म्हटलं की चुका दुरुस्त करण्याचा उपयोग नाही उलट नुकसान आहे, आणि डेना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं की निवडक आणि स्पष्ट दुरुस्ती केली तर उपयोग होऊ शकतो. माझा वर्गातला अनुभव फेरिस बाईंच्या बाजूनं आहे. पूर्ण लाल झालेलं पान पोरगा बघतच नाही, मार्क बघतो आणि वही मिटतो. पण एका वेळी एकच चूक धरली, म्हणजे या पंधरवड्यात फक्त 'अ' आणि 'द' बघायचं कारण मराठीत ते नसतातच म्हणून आपली सगळीच पोरं ते खातात, पुढच्या पंधरवड्यात फक्त 'इज' कुठं उगाच घुसलाय ते बघायचं, तर ते लक्षात राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्यांदा लिहायला लावणं. आपल्याकडं पोरगा एकदा लिहितो, आपण तपासतो, विषय संपला. दुसरा खर्डा नावाची गोष्टच नाही. ज्या पोरानं त्या न दिसणाऱ्या बापाबद्दल लिहिलं त्याला मी क्रियापदं सांगितली नाहीत, एवढंच विचारलं की हे कवितेत कुठं आहे तेवढं अजून एक वाक्य टाक आणि मोठ्यानं वाचून दाखव. मोठ्यानं वाचताना त्यातली एक चूक त्याची त्यालाच ऐकू आली, दुसरी शेजारच्यानं सांगितली. दोन वाक्यांची पाच झाली. आता त्यात 'ब्युटिफुली पोर्ट्रेड' नव्हतं आणि त्याची मला काही गरज पण वाटली नाही. आपलं म्हणणं दुसऱ्याला कळावं असं मनापासून वाटलं की माणूस वाक्य सुधारतो, दुसऱ्याच्या तयार उत्तरात सुधारायचं कशाला, त्यात तर चूक नसतेच.

मला माहीत आहे यावर लोक काय म्हणतील. पहिलं म्हणजे वर्गात ८० पोरं, बाई तुम्ही सांगताय ते होणार कसं. पूर्ण निबंध घेतले तर होत नाहीच. म्हणून एकच परिच्छेद घ्यायचा, पाच-सहा ओळींचा, जोड्यांमध्ये एकमेकांचा वाचायचा आणि प्रत्येक वेळी थोड्याच वह्या बारकाईनं तपासायच्या, फिरत्या. दुसरं म्हणजे ग्रामीण भागातल्या पोरांना पास होणं महत्त्वाचं आहे, ३५ टक्के पडले तर पुढचा रस्ता आहे नाहीतर पोरींची लग्नं लावून देतात आणि पोरं कोयता हातात घेतात, त्यांना पाठांतराचा आधार काढून घेऊ नका. ही गोष्ट मी हलक्यानं घेत नाही, माझ्यासमोरच घडतंय सगळं. पण याच पोरांचा पाठांतरात घात होतो हे पण मी बघते. पाठ केलेल्यातली एक ओळ विसरली की पुढचं सगळं जातं, कविता दुसरीच आली तर पान कोरं राहतं. ज्याला स्वतःची चार साधी वाक्यं लिहायची सवय आहे तो कुठल्याही कवितेवर काहीतरी लिहून येतो. आणि तीच सवय पत्र लिहायला, मुलाखतीला, नोकरीच्या अर्जाला कामी येते, 'लुसिड लँग्वेज' कुठं कामी येणार?

तिसरा आक्षेप तपासण्याचा. प्रत्येकाचं मत वेगळं तर मार्क कसे द्यायचे, एका तपासनिसाला पटलं दुसऱ्याला नाही पटलं तर अन्याय होईल. मी म्हणते मताला मार्क देऊच नका, मत पटतं की नाही हा प्रश्नच नाही. मत काय आहे ते स्पष्ट आहे का, त्याला कवितेतला शब्द नाहीतर ओळ दिलीय का, आणि त्या ओळीवरनं ते मत कसं निघतं हे सांगितलंय का, एवढं बघा. हे 'संदेश लिहिला का, अलंकार लिहिला का' यापेक्षा अवघड नाही. बाप क्रूर आहे असं कुणी लिहिलं तर मार्क नाहीत, कारण कवितेत त्याला प्रमाण नाही. म्हणजे काहीही लिहा चालतं असं अजिबात होत नाही.

शिवाय आता मोबाइलवर एआय आलंय. कवितेचं नाव टाकलं की मिनिटभरात गाइडपेक्षा गुळगुळीत अ‍ॅप्रिसिएशन मिळतं, अकरावीची पोरं ते वहीत उतरवून आणतात. ओरडून ते थांबणार नाही. जो प्रश्न आपण विचारतोय त्याचं उत्तर मशीन सहज देतं याचाच अर्थ प्रश्न बदलायला पाहिजे. 'तुझ्या शेजारच्यानं या ओळीचा जो अर्थ सांगितला तो तुला का पटला नाही' याचं उत्तर वर्गात बसलेल्या पोरालाच देता येतं.

राष्ट्रीय धोरण २०२० नंतर अभ्यासक्रम आणि पुस्तकं बदलायचं काम सुरू झालंय, बारावीची पाळी पण येईलच. म्हणून बोर्डातल्या आणि बालभारतीतल्या लोकांनी हे पत्र वाचावं अशी माझी इच्छा आहे. संदेश आणि नीतीचा मुद्दा सगळ्या कवितांना सक्तीचा ठेवू नका. अ‍ॅप्रिसिएशनला पुस्तकाबाहेरची एखादी सोपी छोटी कविता द्या, हवं तर आधी दोनच वर्षं पर्याय म्हणून द्या, की ज्याला पाठ केलेलं लिहायचंय तो लिहील आणि ज्याला स्वतःचं लिहायचंय त्याला पण जागा असेल. आणि तोंडी परीक्षेचे २० मार्क जे बऱ्याच ठिकाणी नुसते वाटले जातात, त्यातले पाच तरी कवितेतल्या एका ओळीवर दोन मिनिटं बोलायला ठेवा.

आईवडिलांना पण एक विनंती. पोरगी गाइडातलं अ‍ॅप्रिसिएशन धडाधड म्हणून दाखवते म्हणून खूश होऊ नका, तिला विचारा की ती कविता कशाबद्दल आहे ते मला आपल्या भाषेत सांग. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हे विचारता येतं, किंबहुना येत नसेल तर जास्त चांगलं, कारण तिला खरंच समजावून सांगावं लागेल.

आणि शेवटचं तुमच्याकडं मागणं आहे संपादक साहेब. परीक्षा जवळ आली की मराठी पेपरांमध्ये बारावीची मार्गदर्शन सदरं सुरू होतात, त्यात नमुना उत्तरं छापली जातात आणि आमची पोरं ती कात्रणं कापून पाठ करतात. यंदा त्या जागेत आठवड्यातून एक दिवस एकच कविता घ्या आणि तिच्यावर दोन-तीन वेगवेगळ्या गावच्या मुलांनी स्वतः लिहिलेले परिच्छेद छापा, चुकांसकट छापा, शेजारी त्यांचाच दुसरा खर्डा छापा. परिच्छेद मिळवून द्यायचं काम माझ्यासारखे जिल्ह्याजिल्ह्यातले शिक्षक आनंदानं करतील, माझ्या वर्गाचे तर मी याच पत्रासोबत जोडतेय, मुलांची आणि पालकांची परवानगी घेतलेली आहे.

आपली,
ज्युनिअर कॉलेजची एक इंग्रजी शिक्षिका, जि. बीड